हौसेला मोल असतं

मराठी मध्यमवर्गानं आजवर जे जे छंद केले, त्यांत एक पथ्य कटाक्षानं पाळलेलं दिसतं. छंदापायी अंगाला घाम येता कामा नये आणि कपड्याला डाग पडता कामा नये. पोस्टाची तिकिटं जमवणं, पेटी वाजवणं, शब्दकोडी सोडवणं, होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटणं, हे आपले छंद. त्यातून एखादा फारच धाडसी निघाला, तर तो गच्चीत कुंडी आणून गुलाब लावतो आणि त्याला पाणी घालायचं काम बायकोकडे सोपवतो. तेव्हा ‘लोहारकाम हा माझा छंद आहे’ असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला त्यातल्याच चार गोळ्या दिल्या असत्या.

पण अमेरिकेत अशी माणसं आहेत. एकदोन नव्हेत, हजारांनी आहेत. बँकेतून, कारखान्यातून, शाळेतून निवृत्त झालेले भले गृहस्थ मोटारीच्या गॅरेजात ऐरण मांडतात, भट्टी पेटवतात, चामड्याचा अ‍ॅप्रन बांधतात आणि लोखंड लाल करून ठोकत बसतात. काय ठोकतात म्हणाल, तर उलथनी, चिमटे, लांब दांड्याचे काटे आणि निखारे सारायच्या सळ्या. थोडक्यात, परसात मांस भाजायचा जो त्यांचा बार्बेक्यू, त्याची आयुधं. आणि ही आयुधं ते विकतात! गिऱ्हाइकं ती घेतात! आपल्याकडे छंदापायी मित्र तुटतात, तिकडे दोन पैसे सुटतात.

असे एक गृहस्थ माझ्या भाच्याच्या शेजारीच राहतात. भाचा ओहायोमध्ये असतो. “मामा, चला, तुम्हाला गंमत दाखवतो,” म्हणून तो मला एका शनिवारी सकाळी कुंपणापलीकडे घेऊन गेला. शेजारी पस्तीस वर्षं एका विमा कंपनीत हिशेबनीस होते. चेहरा अजून हिशेबनिसाचाच; पण मनगटं पाहिली आणि हस्तांदोलन करावं की नमस्कारावर भागवावं, असा प्रश्न पडला.

त्यांनी अर्धा इंच जाडीचा चौकोनी गज भट्टीत घातला. लोखंड तापताना रंग बोलतं, हे मला प्रथमच कळलं. आधी काळपट लाल, मग चेरीसारखं लाल, मग नारिंगी, मग पिवळं. नारिंगी आणि पिवळ्याच्या मधे घाव घालायचा. थंड झालं की ठोकण्यात अर्थ नाही, आणि लोभानं फार तापवलं तर लोखंडच जळायला लागतं, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. म्हणजे हाताशी वेळ असतो तो मोजून काही सेकंदांचा. एवढ्या अवधीत आमच्या सोसायटीच्या सभेत इतिवृत्तसुद्धा वाचायला सुरुवात होत नाही.

गजाचं एक टोक त्यांनी ठोकून ठोकून पसरट केलं, दुसरं वळवून टांगायला आकडा केला. मग मधला भाग पुन्हा तापवून एक टोक व्हाइसमध्ये आवळलं, दुसरं पान्यात पकडलं आणि शांतपणे फिरवलं. गजाला मधोमध सुरेख पीळ पडला. चौकोनी गजाच्या चार कडा एकमेकींभोवती फिरत गेल्या. तापमान सगळीकडे सारखं असेल तरच पीळ सारखा पडतो, नाही तर एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे ढिला. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे सुंभ जळतो पण पीळ जात नाही. तुमच्याकडे जाळल्याशिवाय पीळ येतच नाही. भाच्यानं हे इंग्रजीत समजावून द्यायला दहा मिनिटं घेतली. तोवर दुसरा गज थंड झाला.

शेवटी गरम लोखंडावर मधमाश्यांचं मेण चोळलं. धूर झाला, वास सुटला आणि उलथनं काळंभोर तुकतुकीत दिसायला लागलं. त्यांनी त्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर आकडा होता : 45 डॉलर.

मी मनातल्या मनात रुपये केले. परदेशात गेलेल्या मराठी माणसाचं मन हे दुसरं काही करतच नाही. साडेतीन हजारांच्या वर! एका उलथन्याला! एवढ्यात तर उलथनं, तवा, पोळपाट आणि वर लाटणं येऊन चार पैसे उरतील. “हे विकलं जातं?” मी विचारलं. “महिन्याला आठदहा,” ते म्हणाले, “जास्त करत नाही. जास्त केलं की ते काम होतं.”

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि भाच्याकडच्या मुक्कामात दुसरं काही करायला नसल्यामुळे या उलथन्याच्या इतिहासात शिरलो. तिथे जे दिसलं त्याची मौज काही औरच आहे. सगळीच मौज मात्र नाही.

बार्बेक्यू हा शब्द इंग्रजांचाही नाही आणि अमेरिकनांचाही नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा तो शब्द. काठ्यांची मचाणासारखी चौकट करून तिच्यावर मासे-मांस ठेवायचं आणि खाली मंद विस्तव. स्पॅनिश लोक तिथे गेले, त्यांनी बेटं घेतली, सोनं घेतलं, आणि जाताजाता हा शब्दही घेतला, ‘बार्बाकोआ’. त्याचं इंग्रजी रूप 1755 सालच्या डॉक्टर जॉन्सनच्या कोशात जाऊन बसलं. ताईनोंचा तोवर जवळजवळ संहार झाला होता. शब्द कोशात सुखरूप पोचला, माणसं वाटेत राहिली. इतिहासात हे असं पुष्कळदा होतं.

पुढे अमेरिकेत बार्बेक्यूला राजमान्यता मिळाली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत बार्बेक्यूला गेल्याच्या नोंदी आहेत. 1793 साली त्यांनी कॅपिटॉलची, म्हणजे तिकडच्या संसदभवनाची, कोनशिला बसवली, तेव्हा समारंभानंतर 500 पौंडांचा बैल भाजला होता. आपल्याकडे पायाभरणीला नारळ फोडतात आणि त्याचा तुकडा हाती येईपर्यंत तास जातो. तिकडे अख्खा बैल!

आता हा बैल भाजला कुणी? दक्षिणेतल्या त्या काळच्या मोठ्या मेजवान्यांत रात्रभर खड्ड्यापाशी जागणारे, निखारे सारणारे, मांस उलटणारे हात बहुतेक गुलामांचे असत. लांब काटे, आकडे, सळ्या लागत, त्या ठोकणारे लोहारही पुष्कळदा गुलामच. थॉमस जेफर्सन यांनी सगळी माणसं समान आहेत असा जाहीरनामा लिहिला, आणि 1794 साली आपल्या माँटिसेलोच्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला. त्यात खिळे ठोकायला दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं होती. त्यांच्यातला आयझॅक नावाचा लोहार पुढे म्हातारा झाला. त्याचं त्या काळचं एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात तो लोहाराचा अ‍ॅप्रन बांधून उभा आहे. मनगटं तशीच. फक्त त्याला कुणी ‘हा तुमचा छंद का?’ असं विचारलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गावोगाव लोहार होता. घोड्याला नाल, गाडीला धाव, नांगराला फाळ, दाराला बिजागरी, सगळं त्याच्याकडे. मग 1908 साली हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी मोटार आली आणि तिनं घोडा खाल्ला. घोडा गेला तसा लोहारही गेला. शहाणे होते त्यांनी भट्टी विझवून दाराशी पेट्रोलचा पंप बसवला आणि ‘मोटारी दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी लावली.

पण गंमत पुढेच आहे. मॉडेल टीच्या सांगाड्यात पुष्कळ लाकूड लागे. त्यासाठी फोर्ड यांनी मिशिगन राज्यात लाकडाची गिरणी काढली. गावाचं नाव आयर्न माउंटन, म्हणजे लोखंडाचा डोंगर. गिरणी म्हटली की ढलप्या आणि भुसा आलाच. फोर्ड हे काटकसरी गृहस्थ. भुसा फुकट जातोय हे पाहून त्यांना झोप येईना. त्यांनी 1920 नंतरच्या दशकात त्याचा कोळसा करून, दाबून, उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या आणि मोटारीच्याच दुकानांतून विकायला ठेवल्या. मोटार घ्या, कोळसा घ्या, रानात जा आणि भाजून खा! ही जमीन मिळवून देण्याच्या कामी फोर्ड यांच्या नात्यातल्या एका बहिणीचे यजमान, किंग्सफर्ड नावाचे गृहस्थ, उपयोगी पडले होते. पुढे त्या कोळशाला त्यांचंच नाव मिळालं. मेहुण्याचं नाव एवढं चिरकाल राहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. प्रत्येक घराला परस, परसाला हिरवळ. 1952 साली शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्सच्या धातूच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ कामाला होते. तिथे सरोवरात तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे गोल बनत. वाऱ्यापावसानं बार्बेक्यूचा बट्ट्याबोळ होतो म्हणून वैतागलेल्या स्टीफन यांनी तो गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं, आणि पाश्चात्त्य पुरुषाला स्वयंपाकघर मिळालं. घरात चहाचं आधणसुद्धा ठेवता न येणारा माणूस परसात उलथनं हाती आलं की सेनापती होतो, हे मी भाच्याच्या कॉलनीत डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातही पंथ आहेत. टेक्सासवाले गोमांसाचे, कॅरोलिनावाले डुकराचे आणि व्हिनेगरचे, कॅन्सस सिटीवाले गोडसर दाट चटणीचे. मिसळीवरून पुणेकर आणि कोल्हापूरकर एकमेकांशी ज्या स्वरात बोलतात, तोच स्वर. (आम्हा शाकाहाऱ्यांना कुणीच पंथ दिला नाही. आम्ही आपलं कणीस आणि भरताचं वांगं घेऊन कोपऱ्यात उभे राहतो.)

सेनापती आला की त्याला तलवार हवी. कारखान्यातली पत्र्याची आयुधं चार वेळा वापरली की मुठीतून निसटतात. इथे लोहार पुन्हा प्रवेश करतो. 1969 साली अटलांटाच्या अ‍ॅलेक्स बीलर यांनी लोहारकामाच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. 1973 साली जॉर्जिया राज्यातल्या लम्पकिन या छोट्या गावात पंचवीसतीस लोहार, अर्धे कामाचे आणि अर्धे हौसेचे, जमले आणि त्यांनी एक संघटना काढली. तिचे सभासद पुढे काही हजारांवर गेले. फ्रान्सिस व्हिटेकर यांच्यासारख्या जुन्या कारागिरानं शेवटपर्यंत नव्या मंडळींना शिकवलं. ओहायोतल्याच ट्रॉय गावी दर सप्टेंबरात यांची जत्रा भरते. तिथे ऐरणींचे बाजार लागतात आणि माणसं ऐरणीला बोटानं टिचकी मारून कान लावतात, जसे आपण माठ घेताना लावतो.

तर हिशेब असा झाला. फोर्ड यांनी मोटार काढून लोहाराला बुडवलं, मोटारीच्या भुशाचा कोळसा केला, कोळशानं परसातली चूल पेटवली, आणि चुलीनं लोहाराला परत बोलावलं. फक्त गेला तो पोटाचा लोहार होता. आला तो हौसेचा.

मधे एखादाच पूल दिसतो. चार्ल्सटनचे फिलिप सिमन्स हे कृष्णवर्णी लोहार 1912 साली जन्मले. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या वस्तादांचा जन्म गुलामीतला. घोडागाड्या संपल्या तेव्हा सिमन्स यांनी भट्टी विझवली नाही. ते बंगल्यांची नक्षीदार फाटकं करायला लागले. 1982 साली त्यांना राष्ट्रीय वारशाचा सन्मान मिळाला. त्यांचं एक फाटक स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. 2009 साली ते वारले. पोटासाठी धरलेला हातोडा संग्रहालयापर्यंत पोचायला इतका काळ जावा लागला.

अमेरिकन सरकारनं मात्र या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावून टाकला आहे. पाच वर्षांतली तीन वर्षं नफा झाला तर तो धंदा, असं कर खातं साधारणपणे धरून चालतं. नाही तर तो छंद आहे की काय, अशी शंका घेतली जाते. हा नियम आपल्याकडे लावला, तर निम्मी मराठी नाट्यसृष्टी, सगळी नियतकालिकं आणि बरीचशी शेती छंदात जमा होईल.

आणि आमचा लोहार? तो कशात जमा होईल?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लोहार बारा बलुतेदारांतला एक होता. विळा, खुरपं, फाळ, गाडीची धाव, सगळं वर्षभर करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. वाटा देणाऱ्याच्या मनावर. वस्तूला चिठ्ठी बांधायची पद्धत नव्हती. लोहारालाच गावाशी बांधलेलं होतं. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो पुढे एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला, म्हणजे अमेरिकेतल्या लोहारानं जे केलं तेच त्यानं केलं, कुणी न सांगता. भट्टीची जागा मोडून तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. 1965 साली ‘साधी माणसं’ चित्रपट आला, त्यातलं ऐरणीचं गाणं साऱ्या महाराष्ट्रानं डोळ्यांत पाणी आणून ऐकलं, अजून ऐकतो. पण आपल्या पोरानं लोहार व्हावं असं ते ऐकून कुणाला वाटलं नाही. लोहारालासुद्धा नाही.

परत आल्यावर गावी गेलो तेव्हा मी या वर्गबंधूला ओहायोची सगळी हकिकत सांगितली. 45 डॉलरचे रुपये करून सांगितले.

“आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नाही?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“उधारी?”

“नाही रे.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “लेका, पीळ आमचा म्हाताराबी घालायचा की. डोळं झाकून घालायचा. मग त्याचं काय चुकलं?”

मी अमेरिकेचा इतिहास ताईनोंपासून वाचून आलो होतो, पण यावर चटकन काही सुचलं नाही. म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. विमा कंपनीच्या निवृत्त हिशेबनिसाचंही चुकत नाही. तो कुणाचा घास काढून घेत नाही, उलट मोडायला आलेली विद्या हातात धरून बसला आहे. फरक एवढाच की, त्याला उद्या भट्टी पेटवावीशी वाटली नाही तर तो पेटवणार नाही आणि त्याच्या घरी जेवण होईल. गिऱ्हाईक 45 डॉलर देतं ते नुसत्या लोखंडाचे नव्हेत. ‘हे करायची मला गरज नव्हती, तरी केलं’ याचे त्यातले तीस तरी असतील. हौसेला मोल असतं. गरजेला नुसता भाव असतो, आणि तोही आपण पाडून मागतो.

गावाहून परतताना फाट्यावर घिसाड्यांचं पाल लागलं. रस्त्याकडेला जमिनीत पुरलेली बोटभर ऐरण, भाता फिरवणारी पोर, सांडशीत लोखंड धरून बसलेला नवरा आणि समोर उभी राहून घण घालणारी बायको. घाव नेमका नारिंगी आणि पिवळ्याच्या मधे पडत होता; रंगाबद्दल त्यांना कुणी व्याख्यान दिलेलं दिसलं नाही. मी एक उलथनं उचललं.

“कसं दिलं, बाई?”

“दीडशे.”

माझ्या तोंडाला सवयीनं शंभर आले होते. ते गिळले आणि दोनशेची नोट पुढे करून म्हटलं, “राहू द्या वरचे.”

तिनं घण खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नोट खोटी तर नाही ना, म्हणून ती उजेडात धरून उलटसुलट करून पाहिली.